शाळेतील सौम्य आजारी बालक : ठेवावे की पाठवावे?

पावसाळा लागला आणि शाळा भरल्या की वैद्याच्या चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात एक प्रश्न नेमाने विचारला जातो. मुलाला जरा कणकण आहे, नाक वाहते आहे, कालपासून पोट बिघडले आहे. त्याला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे? रुग्णांची गर्दी असते, पालकांना मजुरीवर जाण्याची घाई असते, आणि उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते. या दोन शब्दांमागे जो विचार असावयास हवा त्याची मांडणी करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळते. येथील अनेक मुले आश्रमशाळेत शिकतात. तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. त्यामुळे प्रश्न ‘शाळेत पाठवावे का’ असा राहत नाही, तो ‘शाळेतच राहू द्यावे का’ असा होतो. शहरातील बालक दुपारी तीन वाजता घरी येते आणि रात्री आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. आश्रमशाळेतील बालकाच्या कपाळाला रात्री कोण हात लावणार, हे मुद्दाम ठरवावे लागते. म्हणून हा विषय आश्रमशाळेच्या उदाहरणावरून समजून घेतल्यास गावातील रोजच्या शाळेसाठीही त्याचे उत्तर सापडते.

प्रश्नाचे गांभीर्य

महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. या शाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती आणि २०१६ साली तिचा अहवाल आला. मागील सुमारे पंधरा वर्षांत आश्रमशाळांतील एक हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याची माहिती त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. मृत्यूच्या नोंदलेल्या कारणांमध्ये तीव्र ताप, सर्पदंश, विंचूदंश, अन्नविषबाधा, अपघात यांच्या जोडीला ‘किरकोळ आजार’ हेही एक कारण होते.

वैद्याने या दोन शब्दांपाशी थांबावयास हवे. आजार खरोखरच किरकोळ असता तर मृत्यू ओढवला नसता. किरकोळ होता तो पहिल्या दिवशीचा आपला ग्रह. त्या ग्रहाची पुन्हा तपासणी झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी रोग कोठे पोहोचला हे पाहणारे कोणी नव्हते. याचा बोध असा की, ‘सौम्य’ हे रोगाचे नाव नव्हे. तो ठरावीक मुदतीपुरता दिलेला निर्णय आहे. मुदत संपली की बालकाला पुन्हा पाहून तो निर्णय नव्याने घ्यावा लागतो. सकाळी आठ वाजता सौम्य ठरलेला ताप सायंकाळी सहा वाजताही सौम्यच असेल, असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिंक आली की घरी, खोकला आला की घरी, असे धोरण ठेवल्यास मुलाचे शिक्षण तुटते. गावातील शाळेत न गेलेले मूल दुपारच्या आहारासही मुकते. आश्रमशाळेतून पाड्यावर गेलेले मूल बरे झाल्यावर लगेच परत येतेच असे नाही; पुढे सण येतो, नंतर लावणी येते, आणि मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी ती घरीच राहते. अकारण घरी पाठविणे हाही अपथ्याचाच प्रकार समजावा.

शास्त्राधार

आपल्या संहितांत शाळेचा उल्लेख नसला, तरी या निर्णयास लागणारी साधने त्यांत आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्ष्य भाव सांगितले आहेत. त्यांतील आहारशक्ती आणि व्यायामशक्ती हे दोन भाव येथे विशेष उपयोगी पडतात. आहारशक्ती म्हणजे किती खाल्ले जाते आणि खाल्लेले किती पचते. व्यायामशक्ती म्हणजे नेहमीचे कर्म करण्याचे सामर्थ्य. शाळकरी मुलाचे नेहमीचे कर्म म्हणजे चालणे, खेळणे, बोलणे आणि फळ्याकडे लक्ष देणे. ही दोन बले टिकून असतील तर व्याधिबल अल्प आहे असे मानण्यास आधार मिळतो.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचला आहे. बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून आणि स्तनपानाच्या रीतीवरून कशी ओळखावी हे तेथे सांगितले आहे. शाळकरी मूल बोलू शकते हे खरे. परंतु सहा-सात वर्षांचे, घरापासून दूर असलेले, घरी कोकणा किंवा वारली बोली बोलणारे मूल अधीक्षकांपुढे उभे राहिले की बहुधा गप्पच होते. त्याच्या बाबतीत वेदनाध्यायाचीच रीत चालवावी. तो काय सांगतो यापेक्षा तो कसा बसला आहे, ताटातील किती उरले आहे, मित्रांनी हाक मारल्यावर मान वर करतो की नाही, हे पाहावे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाशेवटी औपसर्गिक रोगांचा विचार आहे. अंगसंग, श्वास, एकत्र भोजन, एकत्र शयन व आसन, आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा, उटणी वापरणे यांनी रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असा त्याचा आशय आहे. ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद यांची नावेही तेथे आहेत. आश्रमशाळेचे शयनगृह डोळ्यांपुढे आणावे : लागून लागून अंथरलेल्या सतरंज्या, सामाईक पांघरुणे, एकच पंगत, पाण्याचे एकच पिंप. सुश्रुतांनी सांगितलेले बहुतेक सर्व मार्ग तेथे एका छपराखाली सापडतात.

पहिली पायरी : धोक्याची लक्षणे

निर्णयाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम धोक्याची लक्षणे पाहावीत. पुढीलपैकी एकही आढळल्यास शाळा की घर हा प्रश्नच उरत नाही. बालकास ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि वाहनासाठी १०८ क्रमांकावर कळवावे.

१. झटके येणे, बरळणे, हाक मारूनही न उठणे, मान ताठ होणे.

२. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे. पाच वर्षांवरील मूल शांत बसलेले असताना मिनिटाला तीसहून अधिक श्वास.

३. काहीही न पिणे, प्यालेले प्रत्येक वेळी उलटणे, आठ तासांत लघवी न होणे, डोळे खोल जाणे.

४. अंगावर दाबल्याने न मावळणारे लाल-जांभळे ठिपके. नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त.

५. हातपाय गार आणि पोट किंवा कपाळ गरम.

६. एका जागी स्थिर झालेली, वाढत जाणारी पोटदुखी.

७. तापासोबत सिकलसेल व्याधीचा पूर्वेतिहास.

यांतील काहींचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मेंदूशी संबंधित लक्षणांच्या बाबतीत काही तासांचाच अवधी मिळतो. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळील चांदीपूर येथे प्रथम आढळला. २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. वालुमाशीमार्फत पसरणाऱ्या या रोगात सकाळी साधा वाटणारा ताप त्याच दिवशी झटके व बेशुद्धीपर्यंत पोहोचू शकतो. पेठ तालुक्याची सीमा गुजरातला लागून असल्याने हे ध्यानात ठेवणे येथे अधिक गरजेचे आहे.

डेंग्यूमध्ये नेमके उलट फसगत होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु गंभीर अवस्थेचा आरंभ त्याच सुमारास होतो. ताप उतरला आणि मूल मात्र अधिक मलूल झाले, पोट दुखू लागले, वांत्या होऊ लागल्या, तर तो ज्वरमोक्ष समजू नये.

पहाटेच्या पोटदुखीविषयी विशेष सांगावेसे वाटते. जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला मण्यार रात्री चावल्यास दंशाची खूण दिसेलच असे नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखणे, उलटी होणे, घसा धरणे आणि पापण्या जड होणे यांपासून लक्षणे सुरू होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल अशा तक्रारीने उठले तर अजीर्ण म्हणून हिंग्वाष्टक देऊन झोपवू नये. पापण्या पूर्ण उघडतात का ते पाहावे आणि शंका येताच प्रतिविषाची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे. विंचूदंशातही तसेच आहे. वेदना कमी, पण घाम फार आणि हातपाय गार, हे लक्षण हृदयावरील परिणामाचे आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या उपयोगाने या दंशाची चिकित्सा बदलून टाकली. पण तिचा लाभ वेळेत पोहोचलेल्या रुग्णालाच होतो.

सिकलसेलचे प्रमाण आदिवासी समाजात लक्षणीय आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तेव्हापासून तपासणी वाढली आहे. या व्याधीचे मूल ‘हातपाय दुखतात’ म्हणाले किंवा त्यास ताप आला, तर त्याला सौम्य आजाराचा नियम लावू नये. म्हणून प्रत्येक आश्रमशाळेच्या दप्तरी कोणत्या मुलाची तपासणी झाली आणि निष्कर्ष काय आला, याची यादी अधीक्षकांच्या हाताशी असली पाहिजे.

दुसरी पायरी : बालकाचे बल

धोक्याचे लक्षण नसेल तर आहारशक्ती व व्यायामशक्ती पाहावी. तापमापकाचा आकडा आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. एकाच वर्गातील दोन मुलांचा ताप १००.८ अंश फॅरनहाइट आहे असे समजा. एकाने नागलीची अर्धी भाकरी खाल्ली आहे आणि मैदानावर कोण जिंकले हे तो विचारतो आहे. दुसरा भिंतीला टेकून बसला आहे, पाण्याचा पेला हातात तसाच आहे, आणि नाव विचारल्यास उशिरा उत्तर देतो. आकडा एक असला तरी पहिल्यास विश्रांती पुरेल. दुसऱ्याची त्याच वेळी सविस्तर तपासणी झाली पाहिजे.

यावरून चार स्थाने ठरतात. नाक वाहते आहे, थोडा खोकला आहे, परंतु ताप नाही, खातो आहे, खेळतो आहे, अशा मुलाने वर्गात बसावे. मात्र पळण्याच्या शर्यती आणि श्रमदान टाळावे. ताप १००.४ अंशांपेक्षा अधिक, पण बल टिकलेले, अशाने विश्रांतीकक्षात राहावे. काखेत घेतलेले माप तोंडातील मापापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येते हे लक्षात घ्यावे. बल खालावले पण धोक्याचे लक्षण नाही, अशा मुलास वैद्यास दाखवून घर की विश्रांतीकक्ष हे ठरवावे. धोक्याचे लक्षण असल्यास रुग्णालय.

ज्वराच्या आरंभी लंघनाचा उपदेश आहे, परंतु तो बलाला धरून आहे. कमी वजनाच्या, आधीच कृश असलेल्या बालकास उपाशी ठेवणे म्हणजे लंघन नव्हे. भाताची किंवा नागलीची पातळ पेज, मुगाचे कढण, थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा त्यासोबत वजन घटत असेल, तर तो कितीही ‘सौम्य’ दिसला तरी क्षयाच्या तपासणीसाठी पाठवावा.

तिसरी पायरी : इतरांना लागण

आपल्या समाजात काही रोगांची भीती गरजेपेक्षा अधिक आहे आणि काहींची फारच कमी. सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या मुदती पुढीलप्रमाणे आहेत.

ताप : तापनाशक औषध न देता २४ तास ताप नसेल तेव्हा वर्गात.

जुलाब व उलट्या : शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास. या काळात मुलाने स्वयंपाकघरात वाढण्याचे काम करू नये.

गोवर : पुरळ उठल्यापासून चार दिवस वेगळे ठेवावे. २०२२ च्या अखेरीस मुंबईप्रमाणेच आपल्या जिल्ह्यात मालेगाव येथेही गोवराचा उद्रेक झाला होता. संशयित रुग्ण आढळताच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

कांजिण्या : सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारणतः पाच दिवस.

गालगुंड : सूज आल्यापासून पाच दिवस.

विषाणुजन्य कावीळ (‘अ’ प्रकार) : पिवळेपणा दिसल्यापासून सात दिवस, त्याचबरोबर पाण्याच्या स्रोताची तपासणी.

नाकातोंडाभोवतीचे पुवाळलेले फोड : खपली धरेपर्यंत किंवा प्रतिजैविक सुरू केल्यावर ४८ तास.

खरूज : पहिला लेप पूर्ण होईपर्यंत. एका मुलास लेप देऊन उपयोग नाही. एका शयनगृहातील सर्वांना एकाच रात्री लेप, त्याच दिवशी कपडे-पांघरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. गंधकयुक्त मलमाचा उपयोग दोन्ही शास्त्रांस मान्य आहे.

डोळे येणे : २०२३ च्या जुलैत आळंदी परिसरापासून राज्यभर ही साथ पसरली होती. घरी मूल स्वतंत्र रुमाल वापरत असेल तर शाळा बुडविण्याची तशी आवश्यकता नसते. शयनगृहात मात्र दोन-तीन दिवस वेगळी सतरंजी व वेगळा रुमाल द्यावा.

उवा, जंत, उपचार सुरू झालेला नायटा : यांसाठी एक दिवसही शाळा बुडवू नये. उवांसाठी मुलीला घरी पाठविल्याने उवा कमी होत नाहीत; मुलीची लाज मात्र वाढते.

चौथी पायरी : पुढचे पाहणारे कोण?

येथपर्यंतचा विचार रोग व रोगी यांचा झाला. पेठसारख्या तालुक्यात चौथी पायरीच निर्णायक ठरते. विश्रांतीसाठी घरी पाठवा, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते घर कोठे आहे? डिसेंबर ते मार्च या द्राक्षहंगामात अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या बागांत मजुरीवर असतात. पाड्यावर घराला कुलूप असते, किंवा म्हातारी आजी एकटी असते. रस्त्यापासून पाडा दोन डोंगर आत, फोनला रेंज नाही, रात्री ताप वाढला तर आधी भगताकडे, आणि उजाडल्यावर दवाखान्याकडे. पेठहून नाशिकचे जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरहून अधिक दूर, मध्ये सावळघाट. अशा घरी पाठविलेले मूल विश्रांतीसाठी गेले असे कागदावर दिसते; प्रत्यक्षात ते पाहणाऱ्यांच्या नजरेआड गेलेले असते.

शाळेत ठेवले तरी नजरेआड होणे शक्य आहे. आजारी मुलाला शयनगृहात झोपवून बाकी सर्व वर्गात जातात आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही, हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एका शाळेत तर आजारी मुले सापडत नाहीत म्हणून शोध घेतला, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या मागे चुलीच्या उबेला येऊन बसलेली आढळली. त्यांना ऊब हवी होती आणि माणूसही. म्हणून विश्रांतीकक्ष म्हणजे स्वतंत्र खोलीच हवी असे नाही. कार्यालयाच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडेल अशी एक खाट पुरते. लागणीचा रोग असेल तर ती इतर मुलांपासून दूर, पण नजरेच्या टप्प्यात ठेवावी.

म्हणून घर की शाळा हे ठरविताना पुढील प्रश्न विचारावेत. पुढील २४ तास हे मूल कोणाच्या नजरेसमोर असेल? त्या व्यक्तीस धोक्याची लक्षणे माहीत आहेत का? रात्री गरज पडल्यास वाहनापर्यंत पोहोचता येईल का? ज्या ठिकाणाहून या प्रश्नांची चांगली उत्तरे मिळतात ते ठिकाण निवडावे. आई गावात असेल, रस्ता असेल, तर घर निःसंशय चांगले. आजारी बालकास मातेच्या सान्निध्याइतके सत्त्वबल दुसरे नाही. आई बागेत आणि घराला कुलूप असेल, तर अधीक्षिकांच्या देखरेखीखालील खाट अधिक सुरक्षित. मात्र त्या स्थितीतही पालकांना निरोप पोहोचविणे हे शाळेचे कर्तव्य आहे.

वेळापत्रक साधे असावे. सकाळी सात, दुपारी एक, सायंकाळी सहा आणि रात्री दहा, अशी चार वेळा नोंद व्हावी : ताप, काय खाल्ले-प्याले, लघवी झाली का, हाकेला कसे उत्तर दिले. दोन नोंदींत मूल खालावत गेलेले दिसले तर तिसऱ्या नोंदीची वाट पाहू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

सकाळी साडेनऊच्या सुमारास ‘ताप उतरेल असे काहीतरी द्या, मुलाला शाळेत सोडायचे आहे’ असे म्हणणारा ग्राहक प्रत्येक दुकानदारास परिचित आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास राहतो. म्हणजे प्रार्थनेच्या वेळी मूल ठीक दिसते आणि दुपारनंतर, शिक्षकांना काहीही कल्पना नसताना, ताप पुन्हा चढतो. औषध देण्यास हरकत नाही; त्याची मात्रा वजनानुसार, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. परंतु ‘गोळी देऊन शाळेत पाठवू नका, पाठवायचेच असेल तर गोळी किती वाजता दिली हे गुरुजींना सांगा’ एवढे वाक्य दुकानदाराने बोलल्यास मोठे काम होते.

खोकल्याच्या पातळ औषधांविषयी आता सर्वांनीच सावध झाले पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात साध्या सर्दी-तापासाठी सिरप घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः सुचवली जात नाहीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यानंतर दिली. त्या मुलांचा मूळ आजार सौम्यच होता, हे विसरता येत नाही.

जुलाबासाठी जलसंजीवनी देताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे का ते पाहावे. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तशी खोकी आपल्या फळीवर उरली असल्यास काढून टाकावीत. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे, पेल्यात अर्धे पाकीट नव्हे, हे ग्राहकास दाखवून द्यावे.

आपल्या औषधांबाबतही तोच विवेक हवा. सितोपलादि चूर्ण मधातून देणे शाळकरी मुलाच्या साध्या कासात योग्य आहे. परंतु त्रिभुवनकीर्तीसारखा वत्सनाभ व हिंगुळ असलेला कल्प शाळेच्या औषधपेटीत ठेवण्याजोगा नाही. वत्सनाभ ‘ई-१’ अनुसूचीत असून अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अधीक्षक म्हणजे वैद्यकीय देखरेख नव्हे. शाळेच्या पेटीत तापमापक, जलसंजीवनी, पॅरासिटामॉल, सितोपलादि, खरजेचे मलम, स्वच्छ पट्ट्या आणि नोंदवही, एवढे पुरे.

वैद्याची चिठ्ठी

शाळा बहुधा आपल्याकडून एकच कागद मागते : ‘तंदुरुस्त असल्याचा दाखला’. एका दिवसाच्या पडशासाठी असा दाखला आणण्यात पालकांची एक मजुरी बुडते आणि मुलाला कोणताही लाभ होत नाही. पूर्ण हजेरीच्या बक्षिसासाठी ताप अंगावर काढणाऱ्या मुलांनाही या दाखल्याने अडविले जात नाही. त्याऐवजी तपासल्याच्या दिवशीच एक छोटी चिठ्ठी द्यावी, असे सुचवावेसे वाटते. तिच्यात सहा गोष्टी असाव्यात : तपासल्याची वेळ, ताप व वजन, दिलेले औषध आणि दिल्याची वेळ, मूल कोठे राहील (वर्ग, विश्रांतीकक्ष किंवा घर), पुन्हा कोणी व किती वाजता पाहावे, आणि काय दिसल्यास १०८ ला कळवावे. शेवटची ओळ सोप्या मराठीत, अधीक्षकांना व पालकांना वाचता येईल अशी लिहावी.

या कार्यात आपल्या वैद्यबंधूंना अधिकृत स्थानही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी काम करतात. अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा व शाळांची एकदा तपासणी ही पथके करतात. वर्षातील एका दिवसाच्या तपासणीने उरलेले दिवस सांभाळले जात नाहीत. तरी त्या भेटीत अधीक्षकांना धोक्याची लक्षणे तोंडी समजावून सांगणे आणि नोंदवही चाळणे शक्य आहे. खासगी चिकित्सालय चालविणाऱ्यांनी आपल्या जवळच्या एका शाळेपुरती ही जबाबदारी स्वीकारली, तरी तालुक्याचा बराच भाग व्यापला जाईल.

समारोप

सारांश असा : प्रथम धोक्याची लक्षणे, नंतर बालकाचे बल, नंतर इतरांना लागण, आणि शेवटी पुढील देखरेख, या क्रमाने विचार करावा. बहुतांश मुले वर्गातच बसण्याजोगी असतात आणि त्यांना बसू द्यावे. ज्यांना थांबवावयाचे, त्यांना पुन्हा कोण व केव्हा पाहील हे ठरवूनच थांबवावे. ‘काही विशेष नाही, साधा ताप आहे’ असे म्हणताना त्यापुढे ‘सायंकाळी सहा वाजता पुन्हा पाहा’ हे शब्द आपण जोडत गेलो, तर मृत्यूच्या नोंदीत ‘किरकोळ आजार’ लिहिण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.